धोका निम्मा झाला म्हणजे नेमका किती झाला?

गेल्या वर्षभरात माझ्या टेबलावर आरोग्याची तीन पुस्तकं येऊन बसली. पहिलं मुलीनं साठीच्या वाढदिवसाला दिलं, पीटर अटिया यांचं २०२३ चं ‘आउटलिव्ह’. त्याचा सूर असा, की आजार दारात येऊन बेल वाजवेपर्यंत थांबू नका. तपासण्या लवकर करा, उपाय लवकर सुरू करा. मग एका मित्रानं सुझान ओ’सलिव्हन यांचं २०२५ चं ‘द एज ऑफ डायग्नोसिस’ हातात ठेवलं. या बाई मेंदूविकारतज्ज्ञ आहेत आणि त्यांची तक्रार बरोबर उलटी आहे. आपण गरजेपेक्षा जास्त निदानं करतोय आणि धडधाकट माणसांना रुग्ण बनवतोय, असं त्या म्हणतात. तिसरं त्याच वर्षीचं, हृदयरोगतज्ज्ञ एरिक टोपोल यांचं ‘सुपर एजर्स’. व्यायाम, झोप आणि आहाराबद्दल ते अटियांच्या बरेच जवळ आहेत, पण निरोगी माणसानं सगळ्या अंगाचं एमआरआय काढून घेण्याची फॅशन त्यांना अजिबात पटत नाही.

तिघंही डॉक्टर, तिघंही शिकलेसवरलेले, आणि तिघांच्याही पानापानावर टक्के. बायको म्हणाली, “अहो, तिघांतलं खरं कोण बोलतंय ते ठरलं की सांगा. तोवर मी वरण-भात लावते.”

माझ्या मते या तिघांत खोटं कुणीच बोलत नाही. गोंधळ होतो तो आपल्या वाचण्यात. आरोग्याचा आकडा वाचताना दोन गोष्टी हमखास निसटतात: टक्के कशाचे, आणि घड्याळ कधी सुरू केलं. या दोन पकडल्या तर निम्मी पुस्तकं आपोआप सोपी होतात. (निम्मी म्हणजे किती, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न योग्यच आहे.)

आधी साडीचं दुकान

लक्ष्मी रोडवर दुकानाबाहेर पाटी असते, ‘५० टक्के सूट’. बारा हजारांच्या पैठणीवर ही सूट मिळाली तर सहा हजार वाचले. मंडईत वीस रुपयांच्या कोथिंबिरीच्या जुडीवर मिळाली तर दहा रुपये. पाटी तीच, खिशावरचा परिणाम वेगळा. म्हणून कुठलीही शहाणी बाई पाटी बघून आत शिरली तरी आधी मूळ किंमत विचारते.

‘या औषधानं धोका ५० टक्क्यांनी कमी होतो’ हे वाक्य म्हणजे ती पाटी. मूळ धोका किती होता, हे त्यात नाही. संख्याशास्त्रवाले पाटीवरच्या आकड्याला सापेक्ष धोका म्हणतात आणि ‘शंभरातले किती’ या आकड्याला निरपेक्ष धोका. हे जड शब्द इथंच ठेवून देऊ. पुढं मी नुसतं ‘पाटी’ आणि ‘किंमत’ म्हणतो.

एका पत्रानं घातलेला घोळ

ऑक्टोबर १९९५. ब्रिटनमधल्या औषधसुरक्षा समितीनं डॉक्टरांना तातडीनं कळवलं, की संततिनियमनाच्या नव्या प्रकारच्या गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट! बातमी टीव्हीवर गेली, वर्तमानपत्रांत गेली. घाबरलेल्या बायकांनी गोळ्या बंद केल्या.

त्या ‘दुप्पट’ची किंमत अशी होती: जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० बायकांत एकीला गुठळी होत होती, नव्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० बायकांत दोघींना. म्हणजे सात हजारांत एक जादा. गोळ्या सुटल्या तशा नको असलेल्या गर्भधारणा वाढल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. यातली बोचणारी गोष्ट ही, की गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षाही जास्त असतो.

समितीनं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. तिनं फक्त किंमत सांगितली नाही.

रजोनिवृत्ती: तीच पाटी, आता उलट्या बाजूनं

सध्या इंग्रजीत रजोनिवृत्तीवरच्या पुस्तकांची लाट आहे. बहुतेक पुस्तकांत २००२ साल खलनायकासारखं येतं. काय झालं होतं तेव्हा?

अमेरिकेत १६,६०८ बायकांवर एक मोठा अभ्यास चालू होता. पाळी थांबलेल्या या बायकांपैकी काहींना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन हार्मोनं एकत्र असलेली गोळी मिळत होती, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. जुलै २००२ मध्ये हा भाग ठरल्या वेळेआधीच थांबवला, कारण हार्मोन घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी जास्त दिसला. मथळा तयारच होता. जगभर लाखो बायकांनी गोळ्या सोडल्या, डॉक्टरांनी लिहायच्या बंद केल्या.

आता किंमत. बिनऔषधाची गोळी घेणाऱ्या दर दहा हजार बायकांत वर्षाला ३० जणींना हा कर्करोग झाला. हार्मोन घेणाऱ्यांत ३८ जणींना. दहा हजारांत वर्षाला आठ जादा. याच अभ्यासात खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण दहा हजारांत १५ वरून १० वर आलं होतं. आणखी एक बाब: या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी थांबते पन्नाशीच्या आगेमागे. म्हणजे रात्री घामानं भिजून उठणाऱ्या एक्कावन्न वर्षांच्या बाईला त्रेसष्ट वर्षांच्या बायकांचा हिशेब लावला गेला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या औषधांच्या माहितीपत्रकावरचा चौकटीतला कडक इशारा काढून टाकण्याची घोषणा केली. पुस्तकं आता जोरात आहेत, आणि मला इथंच पुन्हा खटका लागतो. काही ठिकाणी लंबक थेट दुसऱ्या टोकाला गेलाय. फायदा सांगायचा तो पाटीनं, ‘हाड मोडण्याचा धोका एक तृतीयांशानं कमी!’, आणि तोटा सांगायचा तो किंमतीनं, ‘दहा हजारांत फक्त आठ’. वर दिलेले आकडे पुन्हा बघा. फायदाही दहा हजारांत पाचच होता. एकाच वाक्यात एका बाजूला पाटी आणि दुसऱ्या बाजूला किंमत दिसली, की लिहिणाऱ्यानं निकाल आधीच लावलाय असं समजा. मग तो माणूस कितीही सज्जन असो.

हे आकडे दोन हार्मोन एकत्र असलेल्या गोळीचे आहेत. नुसत्या इस्ट्रोजेनचं गणित वेगळं, घरात कुणाला कर्करोग झालेला असेल तर आणखी वेगळं. तो निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांकडे बसूनच करायचा.

“पण फिट माणसं जास्त जगतात, हे तरी खरं ना?”

खरं आहे. अटियांच्या पुस्तकाचा मोठा भर यावरच आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमधून ट्रेडमिल चाचणी झालेल्या १,२२,००७ लोकांचा अभ्यास आला. सगळ्यात तंदुरुस्त गटात मृत्यूचं प्रमाण सगळ्यात कमजोर गटाच्या सुमारे एक पंचमांश निघालं. पाटी एवढी मोठी की डोळे दिपतात.

पण सकाळी सहाला पर्वतीवर जा. तिथं भराभर चढणारे आजोबा भेटतील. ते चढतात म्हणून तब्येत चांगली, की तब्येत चांगली म्हणून चढू शकतात? ज्यांचे गुडघे गेले, ज्यांना दम लागतो, ज्यांचं पोट दोन शिफ्ट केल्याशिवाय भरत नाही, ते पर्वतीवर दिसतच नाहीत. अभ्यासकांना हे ठाऊक असतं. वय, मधुमेह, धूम्रपान यांचा हिशेब ते वजा करतात, पण सगळंच काही वजा होत नाही. तेव्हा व्यायाम करा, मीही करतो. मात्र व्यायाम सुरू केल्या दिवसापासून आपला धोका एक पंचमांशावर आला, असं मनात धरू नका.

“लवकर कळलेलं बरंच की!”

हा आक्षेप सगळ्यात दांडगा आहे, कारण तो सगळ्यांना मनापासून पटतो. इथं दुसरी गोष्ट येते, घड्याळ.

पुण्याहून सोलापूरला जाणारी एसटी घ्या. एक प्रवासी स्वारगेटला चढला, दुसरा इंदापूरला. दोघंही सोलापूरला एकाच मिनिटाला उतरणार. पण पहिल्याचा प्रवास दुपटीहून लांब. आता ‘प्रवास’ म्हणजे निदानापासून मृत्यूपर्यंतचा काळ समजा. तपासणीनं आजार चार वर्षं आधी पकडला आणि पुढं काहीच बदललं नाही, तरी कागदावर रुग्ण ‘चार वर्षं जास्त जगला’. आयुष्य तेवढंच, फक्त रुग्ण म्हणून काढलेली वर्षं वाढली.

२००७ मध्ये न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी यांनी प्रचारात सांगितलं, की प्रोस्टेटच्या कर्करोगातून वाचण्याची शक्यता अमेरिकेत ८२ टक्के आहे आणि इंग्लंडमध्ये फक्त ४४. ते स्वतः या आजारातून गेलेले, त्यामुळे ऐकणाऱ्याला पटणारच. पण या कर्करोगानं मरणाऱ्यांचं लोकसंख्येतलं प्रमाण दोन्ही देशांत जवळपास सारखंच होतं. अमेरिकेत रक्ताची तपासणी सरसकट होत असल्यामुळे तिथले प्रवासी स्वारगेटलाच बसमध्ये चढत होते.

घड्याळाच्या पुढचा एक पेच आहे. आमची आई तांदूळ निवडायची. खडा काढायचा, तूस काढायचं, एखादा पिवळट दाणा सोडून द्यायचा. समजा कुणी तिच्या हातात भिंग दिलं असतं. मग प्रत्येक दाण्यावर काहीतरी दिसलं असतं आणि त्या दिवशी भात काही झाला नसता. त्यातले बहुतेक दाणे मुकाट शिजले असते आणि खाणाऱ्याला कळलंही नसतं. शरीरातही अशा बारीक गाठी असतात ज्या जन्मभर त्रास देत नाहीत. त्या शोधून त्यांना आजाराचं नाव देणं याला अतिनिदान म्हणतात. ओ’सलिव्हन बाईंचा राग आहे तो यावर.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण दक्षिण कोरियात घडलं. १९९९ मध्ये तिथं सरकारी कर्करोग तपासणीचा कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइडची सोनोग्राफी त्यात नव्हती, पण दवाखाने थोडे जास्त पैसे घेऊन तीही करून देऊ लागले. आलोच आहोत तर तेही बघून घेऊ, असा प्रकार. २०११ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. त्या एका वर्षात ४०,००० हून जास्त लोकांना हे निदान मिळालं. या कर्करोगानं होणारे मृत्यू मात्र होते तिथंच राहिले, वर्षाला चारशेच्या आत. ज्यांना निदान मिळालं त्यांतल्या जवळपास सगळ्यांवर शस्त्रक्रिया झाली. अनेकांची पूर्ण ग्रंथी गेली, त्यांच्यामागे जन्मभराची गोळी लागली, आणि काहींचा आवाज बसला तो बसलाच. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी याविरुद्ध जाहीर आवाज उठवला, त्यानंतर वर्षभरात या शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशानं घटल्या.

मग तपासण्या करूच नयेत का? धाराशिवला चला

इथवर वाचून कुणी ‘तपासण्या म्हणजे सगळा धंदा’ असं म्हणणार असेल तर त्याला मी आपल्याच मराठवाड्यात नेतो.

२००० सालच्या आसपास तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, गावांचे ५२ समूह पाडून, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांचा एक अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांचं हे काम. प्रश्न गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा होता. चार गट होते: एका गटात एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात गावात नेहमी चालतं तेच. तपासणी एकदाच. मग आठ वर्षं लक्ष ठेवायचं.

निकाल २००९ मध्ये आला. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ बायकांपैकी ३४ जणी या कर्करोगानं गेल्या. चौथ्या गटातल्या ३१,४८८ पैकी ६४ जणी. पाटी सांगते, मृत्यू निम्मे. किंमत सांगते, दर दहा हजारांत २० ऐवजी १०.

आता गंमत बघा. कर्करोग सापडला किती जणींत? एचपीव्ही गटात १२७, चौथ्या गटात ११८. जवळपास सारखाच. फरक होता तो पुढच्या टप्प्यात पोचलेल्यांत: ३९ विरुद्ध ८२. कोरियात आकडे फुगले आणि मृत्यू हलले नाहीत. इथं आकडा फुगला नाही आणि मृत्यू उतरले. तपासणी कामाची आहे की नाही हे ओळखायची खूण हीच. किती सापडले ते विचारू नका, सापडल्यावर किती वर्षं जगले तेही विचारू नका. तपासलेल्या आणि न तपासलेल्या गटांत मेले किती, ते विचारा. त्याच जिल्ह्यात, त्याच काळात बाकीच्या दोन पद्धतींनी मृत्यूंत म्हणावी तशी घट दाखवली नाही, म्हणजे ‘तपासणी’ हा एकच शब्द धरून भागत नाही. (चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीशिवाय ठेवलं यावर पुढं बरीच टीका झाली, आणि ती अस्थानी नव्हती.)

“दहा हजारांत दहाच? मग एवढं काय!”

हाही घोटाळा होतो. किंमत विचारायला शिकलेला माणूस काही दिवसांनी प्रत्येक लहान आकड्याला नाक मुरडू लागतो. लहान किंमत म्हणजे फालतू, असं नाही. त्या बदल्यात काय मोजावं लागलं, तेही धरायला हवं. धाराशिवचा हिशेब मांडला तर साधारण हजार बायकांची आयुष्यात एकदा तपासणी करून आठ वर्षांत एक जीव वाचतो. ती बाई चाळिशी-पन्नाशीतली, घरात दोन-तीन लेकरं असलेली. मला हा सौदा स्वस्त वाटतो. तेच ‘हजारात एक’ रोजच्या गोळीसाठी, तिच्या खर्चासाठी आणि दुष्परिणामांसाठी असेल तर मी दोनदा विचार करीन.

मुंबईतल्या टाटा मेमोरियलच्या दुसऱ्या एका अभ्यासात दीड लाखावर बायका होत्या. आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं स्तनांची तपासणी करायची, एवढंच. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल आला. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले, पन्नाशीच्या आतल्यांत तसा फायदा दिसला नाही. तपासणी तीच, करणाऱ्या बायका त्याच, फरक पडला तो वयानं.

“आमच्या वहिनींचा जीव तपासणीनंच वाचला”

वाचला असेल, आणि तसं असेल तर आनंदच आहे. पण वहिनींची गाठ भाताच्या दाण्यासारखी निरुपद्रवी होती की खड्यासारखी, हे एका माणसाकडे बघून कुणालाच सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. कोरियातल्या त्या चाळीस हजारांतल्या प्रत्येकालाही आपण वाचलो असंच वाटलं असणार.

आणि एक गोष्ट ठळक. हा सगळा हिशेब काहीही त्रास नसलेल्या माणसाच्या तपासणीचा आहे. गाठ हाताला लागली, पाळी थांबल्यावर रक्त गेलं, वजन उगाच उतरायला लागलं, तर टक्के-बिक्के बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचा.

बासष्ट तपासण्यांचं पॅकेज

मागच्या वर्षी मीही एक ‘फुल बॉडी’ करून घेतलं. सकाळी उपाशीपोटी घरी येऊन मुलगा रक्त घेऊन गेला, संध्याकाळी मोबाइलवर अठरा पानांची पीडीएफ. बासष्ट तपासण्या, त्यातल्या पाच ठळक अक्षरांत, शेजारी लाल बाण. रात्रभर मी त्या पाच बाणांबरोबर झोपलो, म्हणजे झोपलो नाही.

बऱ्याच तपासण्यांत ‘नॉर्मल’ ठरतं ते असं: पुष्कळ निरोगी माणसांचे आकडे घ्यायचे आणि मधले ९५ टक्के नॉर्मल धरायचे. म्हणजे ठणठणीत माणसांतले पाच टक्के व्याख्येनंच बाहेर. एक तपासणी केली तर वीसात एकदा लाल बाण. वीस तपासण्या केल्या तर निदान एक तरी बाण येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. बासष्ट केल्या तर एकही बाण न येणं हीच बातमी. (तपासण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा खाली येतो, पण मुद्दा तोच.) माझ्या पाचांतले तीन बाण दोन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं तेव्हा आपोआप गेले. चौथ्याकडे बघून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी “हं” एवढंच म्हटलं. पाचवा कोलेस्टेरॉलचा, तो मात्र खरा होता.

त्यांनी गोळी लिहिली. मी विचारलं, “डॉक्टर, माझ्यासारख्या शंभरांत किती?” ते क्षणभर थांबले. बाहेर अकरा पेशंट होते. मग जुनं प्रिस्क्रिप्शन उलटं करून पेनानं लिहिलं: न घेतली तर दहा वर्षांत शंभरातल्या साधारण बारा जणांना अटॅक. घेतली तर नऊ. खाली रेघ मारून म्हणाले, “तीन वाचतात, अठ्ठ्याऐंशींना गोळी घेऊन न घेऊन सारखंच, नऊजणांना घेऊनही येतो. तुम्ही कशात, ते मला माहीत नाही.”

मी गोळी घेतो. शेजारचे काका माझ्याच वयाचे, त्यांचाही आकडा जवळपास तोच. त्यांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि गोळी घेत नाहीत.